बिऱ्हाड हलवा, पण सातबारा सांभाळा

नोकरी संपली, आता तालुक्याला जाऊन राहावे, असा विचार आज खेड्यापाड्यांतल्या पुष्कळ घरांत चालला आहे. साखर कारखान्यातला कामगार, सूतगिरणीतला फिटर, पतसंस्थेतला कारकून, दूध संघातला नोकर अशी ही माणसे. घरची चार-पाच एकर जमीन आहे, पण हयात नोकरीत गेली. मुले पुण्याला किंवा चाकणला कामाला आहेत. गावच्या घरात दोघेच म्हातारा-म्हातारी उरली. हाती फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे काही लाख रुपये आले आहेत आणि महिन्याला थोडे निवृत्तिवेतन मिळते. अशा वेळी कोणीतरी सुचवतो, "दोन एकर विका, तालुक्याला दोन खोल्या घ्या आणि सुखाने राहा."

सल्ला ऐकायला गोड आहे. विस्ताराच्या कामाने गावोगाव हिंडताना हाच प्रश्न आम्हाला पिकावरील रोगांइतकाच वारंवार विचारला जातो. आमचे उत्तर थोडक्यात असे आहे. तालुक्याला जायचे असेल तर अवश्य जावे, त्यात कमीपणा काहीच नाही. मात्र जमीन विकून जाऊ नये, आणि हातची सगळी पुंजी विटामातीत घालू नये. असे का, ते सविस्तर पाहू.

जावेसे वाटते ते उगाच नाही

गाव सोडण्यामागे बहुतेक वेळा चैन नसते, गरज असते. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचेच उदाहरण घ्या. बार्शीला जगदाळे मामा रुग्णालय आहे, कर्करोगासाठी नर्गिस दत्त रुग्णालय आहे, रेल्वे आहे, मोठी बाजारपेठ आहे आणि भगवंताचे मंदिर आहे. ज्याला महिन्यातून दोनदा डॉक्टरांकडे जावे लागते, त्याला रिक्षाने दहा मिनिटांत दवाखाना गाठता येणे ही फार मोठी सोय आहे. गावात हीच गोष्ट एस.टी.च्या वेळेवर अवलंबून असते. रात्री छातीत दुखू लागले तर १०८ ची रुग्णवाहिका बोलावता येते, पण पाणंदीच्या रस्त्याने ती वस्तीवर पोचेपर्यंत जीव टांगणीला लागतो.

दुसरे कारण पाण्याचे. उन्हाळ्यात टँकरच्या मागे घागर घेऊन धावणे साठीच्या बाईला झेपत नाही. तिसरे कारण सोबतीचे. शेजारची घरे बंद झाली, बरोबरीची माणसे गेली, की संध्याकाळ खायला उठते.

काही कामांसाठी मात्र बिऱ्हाड हलवण्याची आता गरज उरलेली नाही. निवृत्तिवेतनासाठी लागणारा हयातीचा दाखला २०१४ पासून अंगठा लावून संगणकावर देता येतो, आणि पोस्टमनही घरी येऊन ते काम करतो. सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले आहे. ते कार्ड आधारवर गावातही निघते. महाराष्ट्रात एस.टी.चा प्रवास ७५ वर्षांवरील माणसाला ऑगस्ट २०२२ पासून मोफत आहे, ६५ ते ७५ वयाला निम्मे तिकीट आहे, आणि मार्च २०२३ पासून सर्व वयाच्या बायकांना निम्मे तिकीट आहे. तेव्हा आपले नेमके अडते कशाने, ते आधी शोधावे. महिन्यातून एक दिवस बँकेत जाण्यासाठी कोणी घर बदलू नये. आठवड्यातून दोनदा डायलिसिस असेल तर मात्र क्षणाचाही विचार करू नये.

आधी खर्चाची वही उघडा

गावात राहणाऱ्या माणसाला आपला खरा खर्च माहीत नसतो, कारण निम्म्या वस्तूंना त्याने कधी पैसे मोजलेलेच नसतात. ज्वारी कणगीतली, तूर शेतातली, दूध गोठ्यातले, भाजी बांधावरची, जळण कुंपणाचे. तालुक्याला या प्रत्येक गोष्टीला दाम पडतो.

एक जोडपे धरू. दोघांना रोज मिळून साधारण साडेपाचशे ग्रॅम ज्वारी लागते, म्हणजे वर्षाला दोन क्विंटल. डाळ दोघांची रोज शंभर ग्रॅम, म्हणजे वर्षाला ३६ किलो. ज्वारी ३५ रुपये आणि तूरडाळ १२० रुपये किलो धरली, तर ही दोन धान्येच ११,३२० रुपयांची होतात. महिन्याला हे जवळजवळ ९४५ रुपये झाले.

आता जमा बाजू पाहू. समजा फंड आणि ग्रॅच्युइटीचे मिळून ८ लाख रुपये हाती आहेत. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ते ठेवले आणि ८.२ टक्के व्याज धरले, तर दर तिमाहीला १६,४०० रुपये मिळतात, म्हणजे वर्षाला ६५,६०० रुपये. हा दर एप्रिल २०२३ मध्ये ठरला. सरकार दर तिमाहीला व्याजदर जाहीर करते, म्हणून पैसे ठेवण्याच्या दिवशी चालू दर विचारून घ्यावा. एकदा पैसे ठेवले की पाच वर्षे तोच दर राहतो.

फंडाच्या निवृत्तिवेतनाविषयी पुष्कळांच्या कल्पना मोठ्या असतात. त्याचा हिशेब पगार गुणिले नोकरीची वर्षे भागिले ७० असा होतो. सप्टेंबर २०१४ मध्ये त्यासाठी पगाराची मर्यादा १५,००० रुपये आणि किमान निवृत्तिवेतन १,००० रुपये ठरले. जुन्या वर्षांना त्याहून कमी मर्यादा लागते. त्यामुळे तीस वर्षे राबलेल्या कामगाराच्या हातीही थोडीच रक्कम पडते. आपण महिना २,४०० धरू, म्हणजे वर्षाला २८,८०० रुपये. जमीन नावावर आहे म्हणून पीएम किसानचे ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे ६,००० असे १२,००० रुपये येतात. एकूण जमा १,०६,४०० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे ८,८६५ रुपये.

खर्चाची बाजू अशी धरू: खोलीभाडे ३,०००, वीज-पाणी ५००, गॅस ७००, दूध रोज अर्धा लिटर ९००, भाजी व किराणा २,०००, औषधे ८००, फोन, प्रवास, सणवार आणि आहेर ८००. बेरीज ८,७०० रुपये. यात ज्वारी आणि डाळ धरलेली नाही.

धान्य शेतातून आले तर महिन्याअखेर दीडशेच्या वर रुपये शिल्लक राहतात. धान्य विकत घ्यावे लागले तर पावणेआठशेच्या आसपास तूट येते. जमीनच विकली असेल तर पीएम किसान आणि नमोचे महिना हजार रुपयेही जातात आणि तूट पावणेअठराशेवर जाते. हे आकडे आम्ही समजण्यासाठी घेतले आहेत. आपल्या वहीत आपले आकडे मांडावेत. उत्तर बहुधा याच दिशेने येईल. तालुक्यातले बिऱ्हाड तोलून धरते ते शेतातून येणारे ज्वारीचे पोते.

पुंजी विटांत गाडू नका

"भाडे म्हणजे पाण्यात गेलेले पैसे" असे आपल्याकडे म्हणतात. तरुण माणसाच्या बाबतीत त्यात तथ्य असेल. साठीच्या माणसाने मात्र वरचाच हिशेब पाहावा. आठ लाखांचे व्याज महिन्याला ५,४६६ रुपये होते. त्यातून भाडे, वीज आणि गॅस भागून वर हजार-बाराशे उरतात, आणि मूळ आठ लाख जसेच्या तसे राहतात. ऑपरेशनची वेळ आली तर ते मोडता येतात. तेच आठ लाख घरात घातले, वर दोन एकर विकून भर घातली, की घर स्वतःचे होते पण हात रिकामा होतो. घराची एक खोली विकून दवाखान्याचे बिल भरता येत नाही.

शहराच्या कडेला गुंठा-दोन गुंठ्यांचे प्लॉट स्वस्तात दाखवणारे दलाल पुष्कळ आहेत. जमीन बिनशेती झाली आहे का, आराखडा मंजूर आहे का, खरेदीखत स्वतंत्र होणार का, रस्ता आणि नळ कागदावर आहे की तोंडी, हे पाहिल्याशिवाय एक रुपयाही इसार देऊ नये. नुसत्या नोटरीच्या कागदावर जागा आपली होत नाही.

एक वर्ष भाड्याने राहून पाहा

नवे वाण आले की आपण सगळ्या शेतात एकदम पेरत नाही. आधी दोन सऱ्या लावून पाहतो. बिऱ्हाडाचेही तसेच करावे. अकरा महिन्यांच्या कराराने दोन खोल्या घ्याव्यात आणि तिन्ही ऋतू काढावेत. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे हा करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो. ती जबाबदारी घरमालकाची असते, पण आपणही आग्रह धरावा.

खोली तळमजल्यावरची पाहावी. गुडघे दुखू लागल्यावर जिना पाहून बाहेर जाणेच बंद होते. नळाला पाणी किती दिवसांनी येते ते मालकाला न विचारता शेजारणीला विचारावे, आणि तेही एप्रिल-मे महिन्याचे विचारावे. दवाखाना आणि भाजीबाजार पायी गाठता यावा. आपल्या गावाची एस.टी. जिथे थांबते तो भाग निवडला तर गावची माणसे सहज डोकावतात.

तालुक्याच्या गावीच गेले पाहिजे असेही नाही. शेतापासून आठ-दहा किलोमीटरवर आठवडी बाजाराचे मोठे गाव असते. बार्शी तालुक्यात वैराग आहे, तशी गावे प्रत्येक तालुक्यात सापडतात. तिथे डॉक्टर असतो, मेडिकलचे दुकान असते, बँक असते, भाडे कमी असते, आणि सकाळी शेतावर जाऊन दुपारी परत येता येते. पुष्कळांना हा मधला मार्ग मानवतो.

शिधापत्रिका घाईने हलवू नये. अंगठा लावून शिधा आता दुसऱ्या गावच्या दुकानातूनही उचलता येतो.

जमीन विकली तर परतीची वाट बंद

महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. जो शेतकरी नाही त्याला त्यासाठी सरकारी परवानगी लागते. सगळी जमीन विकून बसलेल्या माणसाला पुढे अर्धा एकर घ्यावासा वाटला, तर आपण शेतकरी आहोत हे सिद्ध करतानाच त्याची दमछाक होते. मुलांचाही तो हक्क तिथेच तुटतो. म्हणून अगदीच नड असली आणि काही विकावे लागले, तरी एक तुकडा तरी नावावर ठेवावा, आणि विहिरीच्या पाण्यातला वाटा कागदावर राखावा.

जमीन पडीक टाकणेही बरे नव्हे. हरळी आणि कुंदा माजतो, बांध सरकतात. ती अर्धेलीने किंवा खंडाने द्यावी. १९४८ च्या कूळ कायद्यामुळे "कूळ लागेल" ही भीती आपल्या मनात आजही आहे, आणि सावधगिरी ठेवणे योग्यच आहे. पुढील काळजी घ्यावी.

करार दरवर्षी नवा आणि लेखी करावा. गट नंबर, क्षेत्र, पीक, मुदत आणि वाटा त्यात स्पष्ट लिहावा.

बी, खत आणि मजुरी कोणी किती घालायची आणि कडबा कोणाचा, हे पेरणीआधी ठरवावे. भांडणे बहुधा धान्यावरून होत नाहीत, कडब्यावरून होतात.

ई-पीक पाहणीच्या वेळी स्वतः शेतात जाऊन मोबाईलवर नोंद करावी. खरिपात एकदा आणि रब्बीत एकदा एवढी फेरी जमवावीच.

वर्षातून एकदा सातबारा काढून "इतर हक्क" या रकान्यात नवे काही चढले नाही ना ते पाहावे.

शेतकरी ओळख क्रमांक काढून ठेवावा. एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्रात शेतीच्या योजनांसाठी तो लागतो.

शेत कमी राबणुकीचे करा

सगळी जमीन वाट्याने देण्याऐवजी काही भागात कोरडवाहू फळझाडे लावता येतील. सीताफळ पाच बाय पाच मीटरवर लावले तर एकरी १६० झाडे बसतात. उन्हाळ्यात झाड पाने गाळून विश्रांती घेते, त्यामुळे पाण्याची ओढ कमी असते. शेळ्या-गुरे त्याचा पाला खात नाहीत, म्हणून राखणही कमी. बार्शी भागातल्या सीताफळाच्या बागा पाहण्यासारख्या आहेत. फळ मात्र काढल्यावर लवकर मऊ पडते. रोज तोडायला जाणे होणार नसेल तर बहर व्यापाऱ्याला ठोक द्यावा.

चिंच त्याहून सोशिक. दहा बाय दहा मीटरवर एकरी ४० झाडे बसतात. कलमी रोपे घ्यावीत, बियांच्या रोपांना फळ धरायला फार वर्षे लागतात. पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात झाडांना पाणी द्यावेच लागेल, म्हणून बिऱ्हाड हलवण्याआधीच लागवड उरकावी. रोहयो किंवा भाऊसाहेब फुंडकर योजनेतून लागवडीला अनुदान मिळू शकते. त्याची चौकशी कृषी कार्यालयात करावी. घरच्या खाण्यापुरती ज्वारी-तूर मात्र एका तुकड्यात ठेवावीच.

मुलांच्या नावे करण्यापूर्वी

जाता-जाता जमीन मुलांच्या नावे करून मोकळे व्हावे, असेही पुष्कळांना वाटते. मुले चांगलीच असतात. तरीही काळ बदलतो, सुना-जावई येतात, कर्जे होतात. स्वतःच्या हक्काच्या मालमत्तेचे मृत्युपत्र करून ठेवावे. ते हयातीत केव्हाही बदलता येते. बक्षीसपत्र एकदा झाले की हात कापून दिल्यासारखे होते.

बक्षीसपत्रच करायचे असेल तर "आमचा सांभाळ, अन्न, वस्त्र आणि औषधपाणी करण्याच्या अटीवर" असे त्याच दस्तात लिहून घ्यावे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी २००७ साली झालेल्या कायद्याच्या कलम २३ नुसार, अशी अट मोडली तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मधल्या एका निकालात अशा अटीला महत्त्व दिले आहे. अट लिहिल्याने मुलांवर अविश्वास दाखवला असे होत नाही. बांध घातला म्हणून शेजाऱ्याशी वैर होत नाही, तसेच हे आहे.

मागे राहणाऱ्याचा विचार

आतापर्यंतचा सगळा हिशेब दोघांचा झाला. पण दोघांपैकी एक आधी जाणार, हे ठरलेले आहे, आणि आपल्याकडे बहुधा बाई मागे राहते. नवऱ्याचे २,४०० रुपयांचे निवृत्तिवेतन विधवेला निम्मे, म्हणजे १,२०० रुपये मिळते. व्याज धरून तिच्या हाती महिन्याला सुमारे ६,६६५ रुपये येतात. पीएम किसान तिच्या नावे जमीन चढेपर्यंत थांबते. एकटी बाई, भाड्याची खोली आणि परके शहर, असे चित्र तिच्यापुढे उभे राहते. त्या दिवशी तिला परतायला गावात घर आणि खायला शेत असले, तर ती कोणाच्या दारात मिंधी होत नाही.

म्हणून चार गोष्टी आताच कराव्यात. पोस्टातल्या खात्यावर पत्नीचे नाव संयुक्त खातेदार म्हणून घालावे. फंडाच्या कागदांवर तिचे नाव, वय आणि आधार जुळते का ते पाहावे. जमिनीचा निदान काही भाग हयातीतच तिच्या नावे चढवावा. आणि मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसाची खबर द्यायची असते, हे घरातल्या सर्वांना सांगून ठेवावे.

आणखी एक. जायचे की नाही, हे तिला विचारून ठरवावे. गावात तिची बचत गटाची बैठक आहे, हरिपाठाला बसणाऱ्या मैत्रिणी आहेत, नातवंडांसाठी पापड-कुरडया करायला अंगण आहे. पुरुषाला तालुक्याच्या पारावर चार दिवसांत ओळखी होतात. बाईला दोन खोल्यांत तेवढ्या लवकर जीव लावता येत नाही. उलट नळाचे पाणी आणि गॅसची शेगडी यांनी तिची पाठ सरळ होणार असेल, तर तीही मोठी गोष्ट आहे. दोन्ही बाजू तिच्याच तोंडून ऐकाव्यात.

गावचे घर झोपू देऊ नका

सोलापूर-मराठवाड्याकडची माळवदाची घरे माणसांवर जगतात. पावसाळ्याआधी वर पांढरी माती घालून चोपली नाही की पहिल्या पावसात गळू लागतात, आणि दोन-तीन वर्षे बंद राहिली की तुळया कुजून भिंत बसते. घराची किल्ली विश्वासू भावकीकडे द्यावी, एखाद्या शिक्षकाला किंवा नर्सबाईंना लेखी कराराने राहायला द्यावे, आणि मृगाआधी आठ दिवस स्वतः येऊन डागडुजी करावी. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या आहेत. आपल्या घराची पत्रिका आपल्या नावे आहे ना, ते गाव सोडण्याआधी पाहावे.

शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, म्हातारपणी माणसाला औषध, पाणी आणि सोबत लागते. ती तालुक्याला मिळत असेल तर संकोच न करता जावे. यंदा दिवाळीला मुले घरी आली की सर्वांनी मिळून वही घेऊन बसावे. जमा, खर्च, जमीन, घर आणि मागे राहणारे माणूस, अशी पाच पाने करावीत. पाचही पाने भरली आणि दोघांचे मन झाले, की सामान बांधावे. सामानात ज्वारीचे पहिले पोते आपल्याच शेतातले असावे.